धोंड्यातले बेडूक

मे महिन्यातली दुपार होती. बाळापूरहून पातूरकडे जाताना रस्त्यालगतच्या एका वावरात बोअर मारणं चाललं होतं. आधी मुरूम निघाला, मग तासभर नुसती राखाडी भुकटी उडत राहिली. हा आपला नेहमीचा काळा पत्थर. मग एकाएकी फवारा लाल झाला, गेरू कालवल्यासारखा. निंबाखाली बसलेला वावराचा मालक धोतर सावरत उठला. "पाह्य भाऊ, लाल निंगालं!" लाल निघालं की थर बदलला, आणि थर बदलला की पाण्याची आशा, एवढाच त्याचा हिशेब. पाणी त्या दिवशी लागलं नाही. मी मात्र त्या लाल चिखलाचा गोळा वळून घरी आणला. तो अजून माझ्या टेबलावर आहे, वाळून त्याला भेगा पडल्यात.

हा गोळा म्हणजे एकेकाळची जमीन आहे. दख्खनचा काळा पत्थर एका दमात ओतला गेलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. एक थर पसरला, निवला, आणि मग कधी शेकडो, कधी हजारो वर्षं काहीच झालं नाही. त्या सुटीत वरचा खडक ऊन-पावसानं कुजला, त्यातलं लोखंड गंजलं, माती झाली. खळग्यांत पाणी साचलं. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं हे सगळं भाजून झाकून टाकलं. लाल थर म्हणजे दोन लाव्हांमधली सुटी. जिथं नुसती जमीन होती तिथं लाल माती राहिली आणि जिथं डबकं होतं तिथं गाळ. भूशास्त्रात या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात. 'ट्रॅप' हा मूळचा स्वीडिश शब्द, पायरी या अर्थाचा. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून तो चिकटला.

आता डबकं म्हटलं की बेडूक आलाच.

आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी काढत. मुसळाला बेडूक बांधायचा, निंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं पोर दारोदार न्यायचं, आणि घरच्या बाईनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. धोंडा आणि बेडूक यांची सांगड तिथं घातली गेली ती पावसासाठी. मी इथं घालतोय ती वेगळ्या कारणासाठी. महाराष्ट्रात खरोखरच धोंड्यात बेडूक सापडलेत, आणि एक भलतेच प्राणी-आजोबाही. दोन्ही शोध पावणेदोनशे वर्षं जुने आहेत. दोन्ही आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटले नाहीत.

पहिला मुंबईचा. १८४७ साली जी. टी. क्लार्क नावाच्या इंजिनियरनं मुंबईच्या खडकांविषयी लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीला लिहिलं आणि सोबत काही नमुने दिले. मुंबईहून ठाण्याला रेल्वे नेण्याच्या सुरुवातीच्या योजनेत हाच क्लार्क होता. त्याच्या लेखाला पुरवणी जोडली ती रिचर्ड ओवेननं. ओवेन म्हणजे साधी असामी नव्हे. 'डायनोसॉर' या शब्दाचं मूळ रूप १८४२ साली त्यानंच घडवलेलं. काळ्या, पातळ पापुद्र्यांच्या खडकावर अंगठ्याच्या पेराएवढे सांगाडे उमटलेले पाहून त्यानं नाव दिलं 'राना पुसिला'. पुसिला म्हणजे इवला. पुढं १८५२ साली हेन्री कार्टर या लष्करी सर्जननं मुंबई बेटाच्या भूगर्भाचा तपशीलवार लेखाजोखा लिहिला. त्यात वरळीच्या टेकडीखालचे हे थर, त्यातलं एक गोड्या पाण्यातलं कासव, आणि सायप्रिस नावाचे बियांएवढे शिंपलेवाले जीव यांची वर्णनं आहेत. म्हणजे समुद्राला टेकलेल्या वरळीत तेव्हा गोडं पाणी होतं. तळं होतं, आणि त्यात बेडूक इतके होते की हा खडक इंग्रज भूशास्त्रज्ञांच्या लिखाणात 'बेडकांचा थर' याच नावानं ओळखला गेला.

इथं जरा थांबायला हवं, कारण बेडूक दगडात सापडणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे हे चटकन लक्षात येत नाही. मेलेला बेडूक पाहिलाय ना? पावसाळ्यात रस्त्यावर ट्रकखाली आलेला, दुसऱ्या दिवशी कागदासारखा आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा. हाडं काडीसारखी बारीक आणि पोकळ, कवटी जाळीसारखी, बरगड्या जवळपास नाहीतच. पाण्यात मेला तर मासे आणि खेकडे दोन दिवसांत सांधा न् सांधा वेगळा करतात. अख्खा सांगाडा जागच्या जागी राहायचा तर तळ्याचा तळ अगदी निवांत हवा, गाळ पिठासारखा मऊ हवा, आणि तळाशी प्राणवायू इतका कमी हवा की खाणारं कुणी तिथं उतरूच नये. वरळीच्या तळ्यात हे जमून आलं होतं. खडकाचा काळा रंग त्याचीच खूण आहे. न कुजलेला पालापाचोळा त्यात कोळशासारखा मुरला आहे.

त्या इवल्या बेडकाचं पुढं काय झालं, तर नावं बदलत गेली. १८६९ साली फर्डिनांड स्टोलिच्का यानं तो आपल्याकडच्या डबक्यातल्या लहान बेडकांच्या वंशात ढकलला. १९३० साली न्यूयॉर्कच्या जी. के. नोबल यानं हाडं पुन्हा तपासली आणि सांगितलं की हा तसला बेडूकच नव्हे. याचे सोयरे ऑस्ट्रेलियाच्या बाजूला शोधा. त्यानं नवं वंशनाव दिलं, इंडोबॅट्रॅकस, म्हणजे भारतातला बेडूक. १९४० मध्ये चिपळूणकर या मराठी भूशास्त्रज्ञांनी वरळीच्याच थरातून याची दुसरी जात नोंदवली. नोबलच्या सोयरिकीवर नंतरच्यांनी शंका घेतल्या आहेत, आणि हे मिटलेलं भांडण नाही.

पण भांडण कशाचं आहे ते पाहण्यासारखं आहे. बेडूक खारं पाणी ओलांडू शकत नाही. त्याची कातडी ओली आणि झिरपती असते. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सुकून मरतो. एखाददुसरा अपवाद सोडला तर जगातल्या सगळ्या बेडकांची हीच गत. खारपाण पट्ट्यातल्या माणसाला हे निराळं समजावून द्यायला नको. मीठ पाणी कसं ओढतं ते आपण पिकाच्या मुळाशी दरवर्षी पाहतो. म्हणूनच दोन खंडांवर एकाच घराण्याचे बेडूक सापडले तर ते खंड कधीतरी एकमेकांना जोडलेले असणार. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत दक्षिणेच्या मोठ्या खंडापासून तुटला, एकटा उत्तरेकडे सरकत राहिला आणि शेवटी आशियाला भिडला. या प्रवासात त्याच्या पाठीवर कोण होतं, वाटेत कोण चढलं, आणि कुणाला त्यानं आशियात उतरवलं? या प्रश्नाची साक्ष द्यायला हत्ती उपयोगाचा नाही, पक्षी तर नाहीच. बेडूक चालतो.

जिवंत साक्षीदारही आहे. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी केरळातल्या सह्याद्रीतून एक जांभळा, फुगीर, डुकरासारख्या नाकाचा बेडूक जगापुढं आणला. नाव ठेवलं नासिकाबॅट्रॅकस, नाकावरूनच. वर्षभर हा जमिनीखाली असतो आणि पावसाच्या तोंडाला थोडे दिवस वर येतो. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर राहतात. मधल्या समुद्राचं उत्तर खंडांच्या फाटाफुटीतच आहे. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला तोच मुळी दख्खनच्या लाव्हाच्या सुमारास.

उलट दिशेची साक्षही निघाली आहे. तेलंगणातल्या नस्कलच्या आंतरट्रॅपी थरातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रान्सचे जाँ-क्लोद राज यांनी १९९१ मध्ये उत्तरेकडच्या खंडांत आढळणाऱ्या घराण्यातल्या एका बेडकाची हाडं नोंदवली. तिथं वरळीसारखे अख्खे सांगाडे नव्हते. असल्या कामाची पद्धत मला फार आवडते, कारण ती चुलीजवळची आहे. मातीची पोती भरून आणायची. उन्हात कडक वाळवायची. मग रॉकेलमध्ये भिजत घालायची आणि रॉकेल ओतून देऊन पाण्यात टाकायची. मातीचं ढेकूळ फुसफुसत विरघळतं. तो राडा बारीक चाळणीतून धुवायचा. वर जो कण्यांसारखा गाळ राहतो तो वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली, केसाच्या कुंचल्यानं एकेक कण सरकवत निवडायचा. तांदूळ निवडतात तसा, फक्त इथं खडा ठेवायचा आणि तांदूळ टाकायचा. क्विंटलभर मातीतून कधी मूठभर माशांचे दात निघतात आणि बेडकाचं एखादं हाड. बेडकाचं ओळखीचं हाड म्हणजे कमरेचं. उडी मारणाऱ्या प्राण्याचं ते लांबोडकं होतं, वल्ह्याच्या दांड्यासारखं. तीन मिलिमीटरचा तो तुकडा हाती आला तरी जाणकार घराणं सांगू शकतो.

हे झाले बेडूक. पण उभयचर म्हणजे बेडूकच नव्हेत, आणि आपल्याच विदर्भात सापडलेला दुसरा प्राणी बेडकांच्याही आधीच्या जगातला आहे.

स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरच्या कॉलेजमुळं सगळ्यांच्या तोंडी आहे. माणूस स्कॉटलंडचा, जन्म १८१७ चा. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आला. धर्मप्रसाराइतकाच, मला तर वाटतं थोडा जास्तच, जीव त्यानं दगडांत गुंतवला. नागपूरजवळच्या टाकळीच्या आंतरट्रॅपी थरातून त्यानं आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानं झाडांची फळं, किड्यांचे पंख, गोगलगायींचे शंख असं बरंच गोळा केलं. गोड्या पाण्यातल्या एका जिवाच्या वंशाला कार्टरनं हिस्लॉपिया नाव दिलं ते त्याच्याच नावावरून. हिस्लॉप आणि हंटर यांना नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यातल्या मांगली गावच्या विटकरी-लाल खडकातून एक कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि पुन्हा ओवेनच्याच टेबलावर पोचली. १८५५ साली त्यानं तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. अर्थ असा की तोंड आखूड, डोकं रुंद.

कवटी चपटी आहे, अगदी थापल्यासारखी. मागं रुंद आणि पुढं अर्धगोल, एखाद्या फावड्याच्या पात्याची आठवण व्हावी अशी. डोळ्यांची भोकं पुढच्या बाजूला आणि वर आकाशाकडं. कवटीच्या वरच्या हाडांवर खाचा आहेत, आणि त्या शोभेच्या नाहीत. माशाच्या कुशीवरून जी रेघ जाते ती आपण मासा साफ करताना पाहतो. त्या रेघेनं मासा पाण्यातली हालचाल जाणतो. मांगलीच्या प्राण्याच्या डोक्यावरच्या खाचा त्याच जाणिवेच्या. म्हणजे पाय असूनही हा आयुष्य पाण्यातच काढणारा होता. तळाशी चिखलात पडून राहायचं आणि मासा डोक्यावरून गेला की मोठा जबडा उघडून पाण्यासकट ओढून घ्यायचा, असा त्याच्या पोटापाण्याचा अंदाज बांधतात.

ओवेननं त्याला सरपटणारा प्राणी म्हटलं, कारण त्या काळी उभयचरांची पंगत वेगळी मांडत नसत. आणखी एक शब्द त्यानं वापरला: लॅबिरिंथोडॉन्ट, चक्रव्यूहदंती. या गटाच्या प्राण्यांचा दात आडवा कापून घासला की आत जे दिसतं त्यावरून ते नाव पडलं. दाताच्या बाहेरचा थर आत आत दुमडत जातो, दुमडीला पुन्हा दुमड, मधोमध पोहोचेपर्यंत. गणपतीपुढच्या नक्षीच्या रांगोळीसारखं म्हणू? मला तरी आमच्या आजीच्या नऊवारीच्या निऱ्या आठवतात, वरून पाहिलेल्या. असे निऱ्यांचे दात त्याआधीच्या माशांनाही होते. मासे जमिनीवर आले त्या वाटेची ती एक खूण आहे, आणि ती मांगलीच्या आडगावात सापडली.

वय? साधारण पंचवीस कोटी वर्षं. त्याच्या थोडं आधी पृथ्वीवरचं सर्वांत मोठं मरण होऊन गेलं होतं. समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या होत्या, जमीन उजाड पडली होती. अशा रिकाम्या जगात नद्या-डबक्यांचं राज्य या चपट्या डोक्यांच्या प्राण्यांकडं गेलं. त्याच सुमाराच्या मादागास्करच्या खडकातून बेडकासारखा पहिला प्राणी, ट्रायाडोबॅट्रॅकस, मिळाला आहे. त्याला अजून आखूड शेपटी होती आणि नीट उडी मारता येत नसावी. मादागास्कर तेव्हा भारताला चिकटलेलंच होतं. ब्रॅकिऑप्सच्या घराण्याला पुढं रिचर्ड लिडेकरनं १८८५ मध्ये त्याच्याच नावावरून नाव दिलं. या घराण्याचे अवशेष आज दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथून येतात, अंटार्क्टिकातूनही. जगात कुठंही असली कवटी निघाली की शास्त्रज्ञ तिला मांगलीच्या कवटीशी ताडून पाहतात. मांगलीची कवटी आहे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये.

हिस्लॉपचा शेवटही पाण्यातच झाला. १८६३ च्या सप्टेंबरात तो टाकळघाटला जुनी शिलावर्तुळं पाहायला गेला होता. परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाला. वय ४५. गोंडांविषयीची त्याची टिपणं नंतर रिचर्ड टेंपलनं छापली. आणि गोंडवन हा शब्द भूशास्त्रात पुढच्याच दशकात रूढ झाला, आपल्या शेजारच्या त्या मुलखावरून. आज दक्षिणेच्या त्या अखंड महाखंडाला सगळं जग गोंडवन म्हणतं.

मांगलीच्या पुढं, प्राणहिता ओलांडली की तेलंगणातली मालेरीची लाल माती लागते. तिथं कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं काम केलं. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्मांचा विभाग कसा, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांच्या हौसेमुळं. मालेरीचे उभयचर ब्रॅकिऑप्सपेक्षा अडीच-तीन कोटी वर्षांनी लहान, अंगानं मात्र पुष्कळ मोठे. पँथासॉरस मालेरिएन्सिस हा त्यांतला ठळक. त्याच्या हाडांचे पातळ काप करून पाहिले तर झाडाच्या खोडासारखी वळी दिसतात. पावसाळ्यात भराभर वाढलेलं हाड आणि कोरड्या महिन्यांत रेंगाळलेलं. म्हणजे २२ कोटी वर्षांपूर्वीही या मुलखात चार महिने सुगीचे आणि बाकीचे ओढून न्यायचे असा काही प्रकार होता.

मग बाळापुरात काय? मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ल्याच्या तटाशी उभं राहिलं तर उत्तरेला पूर्णेकडं गाळ जाड होत जातो, शेकडो फूट. तो तरुण गाळ आहे, त्यात ब्रॅकिऑप्सची आशा नको. दक्षिणेला पातूरच्या बाजूला काळा पत्थर वर येतो. पातूरची लेणी त्यातच कोरली आहेत. मांगलीच्या वयाचा खडक आपल्याकडं असलाच तर या सगळ्याच्या खाली दडपलेला. लाव्हाखालचा जुना खडक वर डोकावतो तो अमरावती जिल्ह्यात, मोर्शीजवळच्या सालबर्डीला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन तुटून एक बाजू वर उचलली गेली, म्हणून तिथं लाव्हाच्या खालचे थर, गोंडवन गटाचेसुद्धा, उघडे पडले. अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथून डायनोसॉरचं हाड आणि अंड्यांचं घरटं नोंदवलं आहे. उभयचर अजून नाही.

पण दोन लाव्हांमधल्या सुट्या तर इथंही आहेत, माझ्या टेबलावर त्यातली एक आहे. लाल मातीत काही मिळायचं नाही, ती कोरड्या जमिनीची. पाहायचं ते विहिरीच्या खोदकामात. काळ्या पत्थरातच मध्ये हातभर जाडीचा पांढरट, हिरवट नाहीतर काळपट थर लागतो, पाटीच्या दगडासारखे पापुद्रे सुटतात, किंवा गारेसारखा टणक दगड निघतो आणि त्यात गोगलगायीचे शंख दिसतात. तो तळ्याचा गाळ. मी गेल्या वर्षी असा ढीग एका विहिरीपाशी पाहिला होता, शंख होते. पोतं घेऊन यायचं ठरवलं आणि पाऊस सुरू झाला. दिवाळीनंतर गेलो तेव्हा वावराच्या मालकानं जेसीबी लावून ढीग धुऱ्यावर पसरवला होता, आणि त्यावर तुरी कमरेएवढ्या आल्या होत्या.